मुक्त अभ्याससामग्री : विद्यापीठीय गणित व भौतिकी

पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत गणित व भौतिकी शिकवताना बरेच साहित्य तयार होते : प्राध्यापकांची टिपणे, व्याख्यानांच्या चित्रफिती, गृहपाठाचे प्रश्नसंच आणि त्यांची उत्तरे, जुन्या प्रश्नपत्रिका, कोणत्या आठवड्यात काय शिकवले त्याचे वेळापत्रक. विद्यापीठाने किंवा शिकवणाऱ्याने हे साहित्य इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येईल असे ठेवले, की ते मुक्त अभ्याससामग्री ठरते. ते वापरायला प्रवेश, शुल्क किंवा नोंदणी लागत नाही. पदवीही मिळत नाही आणि अडलेले विचारायला समोर शिक्षक नसतो. या दोन विषयांत अशी सामग्री विपुल आहे, कारण पदवीच्या पहिल्या काही वर्षांचा आशय जगभर जवळपास सारखाच आहे आणि तो फारसा जुना होत नाही. कलन किंवा विद्युत्‌चुंबकत्व यांवरची वीस वर्षांपूर्वीची टिपणे आजही तितकीच चालतात. शिवाय १९७८ मध्ये आलेल्या ‘टेक्’ या अक्षरजुळणी प्रणालीमुळे आणि तिच्यावर उभारलेल्या ‘लाटेक्’मुळे गणिताचे प्राध्यापक आपली टिपणे स्वतःच छापील पुस्तकाच्या तोडीची जुळवू लागले. ती संकेतस्थळावर चढवणे ही त्यापुढची छोटी पायरी होती.

एखादी गोष्ट विनामूल्य वाचता आली म्हणजे ती उतरवून घेण्याची, भाषांतर करण्याची किंवा वाटण्याची मुभा मिळाली असे होत नाही. रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळात कॅलटेक या अमेरिकी विद्यापीठात दिलेली भौतिकीची व्याख्याने तिन्ही खंडांसह ऑनलाइन वाचायला खुली आहेत, पण त्यांचे स्वामित्वहक्क राखीव आहेत. एमआयटी या अमेरिकी तंत्रविद्यापीठाची सामग्री मात्र क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या तयार खुल्या परवान्याखाली येते : श्रेय द्या, धंदा करू नका, आणि बदल करून पुढे दिलीत तर याच अटींवर द्या. या दोन टोकांच्या मधलीही उदाहरणे आहेत. ॲलन हॅचर यांचे बीजीय टोपॉलॉजीवरचे पुस्तक केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने २००२ मध्ये छापले आणि प्रकाशकाच्या संमतीने लेखकाच्या संकेतस्थळावर ते पूर्ण, विनामूल्य राहिले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या टेलिग्राम गटांतून फिरणाऱ्या महागड्या पाठ्यपुस्तकांच्या स्कॅन प्रती यांपैकी कशातच बसत नाहीत. त्या फुकट मिळतात, पण मुक्त नसतात.

अशी सामग्री खुली करण्याच्या चळवळीचा आरंभ साधारणपणे एमआयटीपासून धरतात. इंटरनेटवरून शिक्षण देण्याचा काही व्यवहार्य मार्ग आहे का, हे पाहायला तिथे एक समिती नेमली होती. नफ्याचे गणित बसेना, तेव्हा समितीने २००० मध्ये उलटीच शिफारस केली, की सगळे साहित्य देऊनच टाकावे. अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी एप्रिल २००१ मध्ये ‘ओपनकोर्सवेअर’ची घोषणा केली. सप्टेंबर २००२ मध्ये ५० अभ्यासक्रम खुले झाले आणि २००७ पर्यंत ही संख्या १,८०० वर, म्हणजे संस्थेच्या जवळपास सगळ्या अभ्यासक्रमांपर्यंत गेली. आज ती २,५०० च्या पुढे आहे. ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ मधील पॅरिस बैठकीत रूढ झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने आले. २०१२ मध्ये सुरू झालेल्या कोर्सेरा आणि एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचांना सरसकट याच मालिकेत बसवले जाते, पण त्यांची रीत वेगळी आहे : तिथे खाते उघडावे लागते, सत्र संपले की काही भाग बंद होतो आणि प्रमाणपत्राला पैसे पडतात.

अशा सामग्रीत नेमके काय असते ते पाहायला एमआयटीचा १८.०६ हा रैखिक बीजगणिताचा अभ्यासक्रम घेऊ. तिथे विभागांना क्रमांकच आहेत : १८ म्हणजे गणित, ८ म्हणजे भौतिकी. गिल्बर्ट स्ट्रँग यांची ही व्याख्याने १९९९ मध्ये चित्रित झाली. पहिल्याच तासाला ते 2x − y = 0 आणि −x + 2y = 3 ही शाळकरी वाटणारी जोडी फळ्यावर मांडतात. ओळींनी पाहिले तर या दोन रेषा आहेत आणि त्या (१, २) या बिंदूत छेदतात. मग तेच गणित ते स्तंभांनी पाहायला लावतात : (२, −१) आणि (−१, २) हे दोन सदिश किती-किती पटीत मिळवले की (०, ३) येईल? पहिल्याची एक पट, दुसऱ्याची दोन पट. उत्तर तेच, पण आता प्रश्न समीकरणे सोडवण्याचा राहिला नाही. सहगुणकांच्या चौकटीचे, म्हणजे मॅट्रिक्सचे, स्तंभ मिळून कोणते अवकाश व्यापतात, असा झाला. सगळा अभ्यासक्रम पुढे याच प्रश्नावर उभा आहे. पानावर व्याख्यानांबरोबर वाचनाची यादी, गृहपाठ आणि उत्तरांसहित परीक्षा आहेत. गाजते ती चित्रफीत. पण किंमत आहे ती शेवटच्या दोन गोष्टींना. उत्तम व्याख्यान ऐकून ‘समजले’ असे वाटणे सोपे असते, ते खरे की भास हे प्रश्नसंच सोडवायला बसल्यावर कळते. उत्तरांसह प्रश्नसंच असलेली साधी टिपणे ही प्रश्नसंच नसलेल्या देखण्या चित्रफितीपेक्षा केव्हाही बरी.

भौतिकीत संस्थेपेक्षा व्यक्तीने चालवलेली परंपरा जास्त जोरकस आहे. केंब्रिजचे डेव्हिड टाँग यांची टिपणे न्यूटनीय यामिकीपासून पुंज (क्वांटम) क्षेत्र सिद्धांतापर्यंत पसरली आहेत आणि जगभरचे विद्यार्थी ती पाठ्यपुस्तकासारखी वापरतात. शॉन कॅरल यांनी १९९७ मध्ये ‘आर्काइव्ह’ या शोधनिबंधांच्या भांडारात ठेवलेली सामान्य सापेक्षतेवरची टिपणे पुढे पुस्तकरूपात वाढली, तरी मूळ टिपणे अजून तिथेच आहेत. नोबेल विजेते जेरार्ड ट होफ्ट यांनी सैद्धांतिक भौतिकी स्वतःच्या बळावर शिकू पाहणाऱ्यांसाठी एक पानच तयार केले : आधी काय, मग काय, आणि प्रत्येक टप्प्यावर विनामूल्य टिपणांचे दुवे. त्या यादीत प्राथमिक गणिताच्याही आधी भाषा येते, आणि ती इंग्रजी.

शोधणाऱ्याची पहिली अडचण नावांची. अमेरिकेत ज्याला ‘प्रॉब्लेम सेट’ म्हणतात त्याला केंब्रिजमध्ये ‘एग्झाम्पल शीट’, ऑक्सफर्डमध्ये ‘प्रॉब्लेम शीट’ आणि आपल्या आयआयटींत ‘ट्युटोरियल शीट’ म्हणतात. जर्मन विद्यापीठांत टिपणांना ‘स्क्रिप्ट’ हा शब्द आहे. विषयाच्या नावाबरोबर यांपैकी शब्द बदलून पाहिला की निकालच बदलतात. शोधयंत्रात ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, अपूर्णविराम आणि त्यापुढे जागा न सोडता अमेरिकी विद्यापीठांसाठी ‘ईडीयू’ किंवा भारतीय संस्थांसाठी ‘एसी डॉट इन’ असे लिहिले की शिकवणी वर्गांच्या जाहिराती गळून पडतात. ‘फाइलटाइप’, अपूर्णविराम आणि ‘पीडीएफ’ ही जोड त्याच्याच बरोबरीची. अभ्यासक्रमाचा क्रमांक ठाऊक असेल तर विषयाच्या नावापेक्षा तोच टाकावा, म्हणजे वेगवेगळ्या वर्षांची पाने सापडतात. एका वर्षी उत्तरे नसली तर दुसऱ्या वर्षी असतात. पत्त्यात ‘~’ ही नागमोडी खूण दिसली तर ते बहुधा प्राध्यापकाचे वैयक्तिक पान असते. तिथून एक पायरी मागे जाऊन त्यांनी आणखी काय शिकवले ते पाहणे हा जुना आणि खात्रीचा उपाय.

दुसरी अडचण पातळीची. केंब्रिजच्या गणितात पदवीची तीन वर्षे ‘भाग एक-अ’, ‘एक-ब’ आणि ‘दोन’ अशी मोजतात, आणि ‘भाग तीन’ ही पदव्युत्तर परीक्षा आहे. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आपल्यासाठीचे समजून भाग तीनची टिपणे उघडतो आणि दुसऱ्या पानावर गार पडतो. दोष त्याचाही नसतो, टिपणांचाही नसतो. पूर्वतयारी काय हवी ते अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते, आणि वाचायला सुरुवात तिथूनच करावी.

भारतात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी केंद्र सरकारच्या निधीतून २००३ मध्ये एनपीटेल हा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन यांची अभिजात आणि पुंज भौतिकीवरची व्याख्याने या संग्रहातली सर्वांत नावाजलेली. फळा, खडू आणि बोलण्याची संथ लय, एवढेच भांडवल. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हा केंद्र सरकारचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच आला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यावरून मिळवता येतात. प्रमाणपत्राच्या सोयीसाठी इथले साप्ताहिक गृहपाठ बहुतांशी वस्तुनिष्ठ असतात. सिद्धता लिहिण्याचा सराव त्यातून होत नाही. तो दुसरीकडून करावा लागतो.

मुंबईचा वाटा मात्र इंटरनेटच्या बराच आधीचा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकापासून परदेशी गणितज्ञ येऊन व्याख्यानमाला देत आणि संस्थेतील तरुण संशोधक त्यांची टिपणे उतरवून काढत. लॉराँ श्वार्त्झ यांची व्याख्याने एम. एस. नरसिंहन यांनी, कार्ल लुडविग सीगल यांची एस. राघवन यांनी उतरवली. टिपणे घेणारे पुढे स्वतः नामवंत झाले : नरसिंहन यांचे नाव गणितज्ञ सी. एस. शेषाद्री यांच्याबरोबरच्या १९६५ च्या प्रमेयाशी जोडलेले आहे. या मालिकेतील टिपणे आता संस्थेच्या गणित विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. ती पदवीच्या विद्यार्थ्याला झेपणारी नाहीत. त्याच्यासाठी १९९३ मध्ये एस. कुमारेसन यांनी सुरू केलेल्या एमटीटीएस या उन्हाळी गणित शिबिरांची स्पष्टीकरणात्मक टिपणे अधिक उपयोगी पडतात. कुमारेसन तेव्हा मुंबई विद्यापीठात होते. एखादे प्रमेय असेच का मांडले असावे, हा प्रश्न या शिबिरांत विद्यार्थ्यालाच घातलेला असतो.

ही सगळी सामग्री कायम टिकेल असे मात्र नाही. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या ऑनलाइन व्याख्यानांना उपशीर्षके नसल्याने ती कर्णबधिरांना वापरता येत नाहीत, असा निष्कर्ष अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१६ मध्ये काढला. ती दुरुस्त करण्याऐवजी विद्यापीठाने २०१७ मध्ये २०,००० हून अधिक फिती सर्वसामान्यांसाठी बंद करून टाकल्या. तक्रार रास्त होती, उपाय सगळ्यांनाच महागात पडला. वॉल्टर लेविन यांची भौतिकीची लोकप्रिय व्याख्याने एमआयटीने डिसेंबर २०१४ मध्ये काढून घेतली, कारण त्यांनी ऑनलाइन विद्यार्थिनीचा लैंगिक छळ केल्याचे संस्थेच्या चौकशीत दिसले होते. परवाना खुला असल्यामुळे त्या फितींच्या प्रती इतरत्र राहिल्या. ॲपलचे आयट्यून्स यू हे व्याख्यानांच्या फितींचे भांडार २०२१ अखेर बंद झाले. त्याहून जास्त साहित्य गाजावाजा न होता जाते : प्राध्यापक निवृत्त होतात, विभाग संकेतस्थळ बदलतो, दुवा मरतो. असा पत्ता संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये टाकला तर जुनी प्रत पुष्कळदा सापडते. सापडलेली पीडीएफ वर्ष, विद्यापीठ आणि अभ्यासक्रम क्रमांक नावात घालून आपल्याकडे उतरवून ठेवण्याची सवय याचसाठी.

मराठीत पदवीच्या पातळीची अशी सामग्री तुटपुंजी आहे. अकरावी विज्ञानापासून वर्ग इंग्रजीत भरतात, त्यामुळे टिपणे लिहिणाऱ्याला मराठी वाचक दिसत नाही. एनपीटेलने काही अभ्यासक्रमांच्या संहिता मराठीसह भारतीय भाषांत आणल्या आहेत. भाषा संचालनालयाचे गणित व भौतिकीचे परिभाषा कोश ऑनलाइन शोधता येतात, आणि मराठी विश्वकोशातील या विषयांच्या नोंदी एखाद्या संकल्पनेची पहिली ओळख करून घ्यायला अजूनही चांगल्या आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संगणकीय साधनांचे छोटे पाठ मराठी आवाजात मिळतात. लाटेक् आणि सायलॅब ही आकडेमोडीची प्रणाली हे त्या प्रकल्पातलेच विषय आहेत.