कारखान्याला कुलूप आणि रिकामी खुर्ची

‘नोकऱ्या बाहेर गेल्या’ अशी ओरड झाली की मुक्त व्यापार आणि आउटसोर्सिंग यांची नावे जोडीनेच घेतली जातात. ज्याची नोकरी गेली, त्याला दोन्ही सारखेच. पण ती कशी गेली हे पाहिले, की दोन वेगळ्या गोष्टी दिसतात.

मुक्त व्यापारात बाहेरचा माल येतो. आयात शुल्क उतरते, परदेशी कापड किंवा खुर्ची स्वस्त पडते, गिऱ्हाईक तिकडे वळते. इथला कारखानदार कामगार कमी करतो, कारण तो स्वतःच बुडत असतो. आउटसोर्सिंगमध्ये मात्र मालकाचे बरे चाललेले असू शकते. गिऱ्हाईक तेच, मालावरचा शिक्का तोच. फक्त हिशेब, ग्राहकसेवा किंवा सुटे भाग यांचे काम तो दुसऱ्या कंपनीला देतो. आयातीचा स्वस्तपणा बराचसा ग्राहकाच्या पदरात पडतो. आउटसोर्सिंगची बचत आधी कंपनीच्या वहीत जमा होते, तिथून किती खाली झिरपते ते स्पर्धेवर अवलंबून.

शिवाय आउटसोर्सिंग म्हणजे परदेश असे मुळीच नाही. सफाई, पहारा, उपाहारगृह ही कामे त्याच इमारतीत कंत्राटदाराची माणसे करतात. जर्मनीत अशा कामांचा अभ्यास झाला तेव्हा कंत्राटाकडे गेलेल्यांची मजुरी सुमारे 10 ते 15 टक्के घटलेली आढळली. सीमा ओलांडायची गरजच पडली नाही. देशाबाहेर काम हलवण्याला खरा शब्द ऑफशोअरिंग. पण बोलताना हा भेद कोण पाळतो? पुढे मीही रूढ अर्थानेच लिहितो.

आयातीचा घाव एका जागी बसतो. 11 डिसेंबर 2001 ला चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. 2000 साली अमेरिकेच्या कारखान्यांत 1 कोटी 70 लाखांहून अधिक लोक होते, 2010 पर्यंत ते 1 कोटी 15 लाखांच्या आसपास उरले. हे सगळे चीनच्या माथी मारता येत नाही. यंत्रे होती, 2008 ची मंदीही होती. पण डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी 2013 मध्ये दाखवले की ज्या भागांत चिनी मालाशी टक्कर देणारे उद्योग दाटले होते, तिथे बेकारी वाढली आणि कामधंदा शोधणेच सोडून देणारेही वाढले. माणसे उठून दुसरीकडे जातील, हा पुस्तकी अंदाज फसला.

आउटसोर्सिंगचा घाव विखुरलेला. फाटकाला टाळे लागत नाही. कुणी निवृत्त झाले की ती खुर्ची भरली जात नाही, एवढेच. अमेरिकी अर्थतज्ज्ञ ॲलन ब्लाइंडर यांनी 2006 मध्ये म्हटले होते की इथे शिकलेला-अडाणी ही रेघ कामाची नाही. काम तारेतून पाठवता येते का, हा प्रश्न. एक्स-रे वाचणारा डॉक्टर धोक्यात, न्हावी सुरक्षित.

2004 मध्ये अमेरिकी अध्यक्षांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅनकिव म्हणाले, आउटसोर्सिंग हा आंतरराष्ट्रीय व्यापाराचाच नवा प्रकार. केवढा गदारोळ झाला! देशाच्या एकूण हिशेबात त्यांचे फारसे चुकत नव्हते. पण व्यापारात दोन्ही देशांचा फायदा होतो हे दाखवायला 1817 मध्ये अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डोने इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची वाइन यांचे उदाहरण मांडले, तेव्हा भांडवल सहसा मायदेश सोडत नाही असे धरले होते. आज भांडवल आणि कसब दोन्ही जागा बदलतात. तिथे ते गणित जसेच्या तसे चालवणे मला धाडसाचे वाटते.

उपायही सारखे लागू पडत नाहीत. आयात शुल्क बंदरात उतरलेल्या खोक्यावर लावता येते. तारेतून आलेल्या फाइलवर ते लावायचे नाही, असे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांनी 1998 मध्ये ठरवले आणि नंतर त्याला वारंवार मुदतवाढ दिली. अमेरिकेने 1962 पासून आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी प्रशिक्षण आणि भत्त्याची योजना चालवली. तिथे संगणक-प्रोग्रामर अर्ज घेऊन गेले, तेव्हा त्यांना सुरुवातीला परत पाठवले गेले. कारण सॉफ्टवेअर ही कायद्याच्या लेखी ‘वस्तू’च नव्हती! सेवाक्षेत्रातल्या कामगारांना 2009 मध्ये दार उघडले. 1 जुलै 2022 पासून मात्र या योजनेत नवे अर्ज मंजूर होणेच थांबले, कारखान्यातल्यांचे आणि टेबलावरच्यांचेही.