नात्यातलं मूल दत्तक घेताना: कोणाला चालतं, कागद कोणते, अर्ज कुठे

नात्यातलं मूल दत्तक घ्यायला पूर्वी न्यायालयाचा आदेश लागायचा. बाल न्याय कायद्यातली 2021 ची दुरुस्ती 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झाली आणि हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला.

कायद्याला 'नातेवाईक' म्हणून मोजकीच माणसं चालतात: काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. सख्खा मोठा भाऊ किंवा बहीण या व्याख्येत नाही, आणि इथेच अनेक घरं अडतात. मूल 18 वर्षांखालचं हवं. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. इतर दत्तकाला असलेली पालकांच्या वयाची आणि दोन वर्षांच्या वैवाहिक स्थैर्याची अट नात्यातल्या दत्तकाला नाही. जोडपं असेल तर दोघांचीही संमती हवी.

सुरुवात 'कारा'च्या (दत्तकाचं काम पाहणारं केंद्र सरकारचं प्राधिकरण) पोर्टलवर नोंदणीने होते. फोटो, पॅन, जन्माचा, पत्त्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र, विवाह प्रमाणपत्र (घटस्फोट झाला असेल किंवा जोडीदार हयात नसेल तर त्याचा कागद) हे आधीच स्कॅन करून ठेवा. त्याशिवाय नातं आणि आर्थिक-सामाजिक स्थिती सांगणारं प्रतिज्ञापत्र लागतं.

खरं वजन संमतीपत्राला. जन्मदाते आई-वडील हयात असतील तर त्यांची लेखी संमती हवी. ते नसतील किंवा संमती देण्याच्या स्थितीत नसतील, तर बाल कल्याण समितीची परवानगी. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही संमती लागते. मोठ्यांनी बैठकीत ठरवलं म्हणून ते ठरत नाही, आणि ही तरतूद मला सगळ्यात पटते. संमतीच्या बदल्यात पैशांची देवघेव मात्र अजिबात चालत नाही.

अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. कायद्याने निकालाला दोन महिन्यांची मुदत दिली आहे. आदेश मान्य नसेल तर 30 दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं.

हिंदू कुटुंबांना 1956 च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याखाली नोंदणीकृत दत्तकपत्राचा मार्ग आजही खुला आहे. तिथे मूल साधारणपणे 15 वर्षांखालचं लागतं आणि घरात आधी मुलगा असेल तर दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलीचंही तसंच.

अर्जाआधी एक गोष्ट घरात मोकळेपणाने बोला. आदेशानंतर कायद्याने आई-वडील बदलतात, जन्मघराशी असलेलं कायदेशीर नातं संपतं. मुलाच्या नावावर आधीच आलेली मालमत्ता मात्र त्याचीच राहते. चार-दोन वर्षं सांभाळायचं एवढाच बेत असेल, तर दत्तकाच्या वाटेला जाऊ नका.