टीथ व्हायटनिंग, म्हणजे दात पांढरे करून घेणं

टीथ व्हायटनिंग किंवा ब्लीचिंग म्हणजे दातात मुरलेला पिवळा-तपकिरी रंग पेरॉक्साइड नावाच्या केमिकलनं फिका करणं. हा दिसण्यासाठीचा उपचार आहे, कीड, हिरड्यांतनं येणारं रक्त, हलणारे दात यातलं काहीच यानं बरं होत नाही. सांगली-मिरजेत लोक "दात साफ करून आलो" म्हणतात ते बहुतेक वेळा स्केलिंग असतं, म्हणजे मशीननं किटण आणि वरवरचे डाग काढणं. स्केलिंगनं दात त्याच्या मूळ रंगावर येतो, त्याहून पांढरा होत नाही. व्हायटनिंगचं काम तिथनं पुढं चालू होतं.

दात मुळात पांढराशुभ्र नसतोच. बाहेरचं इनॅमल दुधी काचेसारखं अर्धपारदर्शक असतं आणि त्याच्या आतलं डेंटिन पिवळसर, त्यामुळं आपल्याला दिसणारा रंग बराचसा आतनंच येतो. वय झालं की इनॅमल झिजून पातळ होतं, डेंटिन गडद होत जातं, म्हणून साठीतल्या माणसाचे दात दोन टाइम घासूनपण पिवळेच दिसतात, त्यात त्याचा काही आळशीपणा नसतो. त्यात भर चहाची, तंबाखूची, पानाची, आणि आमच्याकडं खास करून मिश्रीची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, सकाळी बोटानं दातावर फिरवायची, ही सवय सातारा-सांगलीच्या गावांत विशेषतः जुन्या बायकांमध्ये भरपूर होती आणि अजूनही गेलेली नाही. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार.

पेरॉक्साइड नेमकं काय करतं हे सांगलीच्या माणसाला हळदीवरनं पटकन कळेल. पांढऱ्या शर्टावर आमटीचा डाग पडला की साबण लावल्यावर तो लालभडक होतो, घासून जात नाही, पण तोच शर्ट धुऊन कडक उन्हात टाकला की डाग हळूहळू उडतो. हळदीतल्या कर्क्युमिनच्या रेणूत दुहेरी बंधांची लांब साखळी असते, ती प्रकाशातला काही भाग शोषते म्हणून पिवळा रंग दिसतो, आणि उन्हानं साखळी तुटली की तुकडे शिल्लक राहतात पण रंग राहत नाही. दातात अडकलेले रंगाचे रेणूही साधारण याच जातीचे. तिथं उन्हाऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं, त्याचा रेणू इतका बारका असतो की इनॅमलमधनं झिरपत डेंटिनपर्यंत जातो आणि त्यातनं निघणारे फ्री रॅडिकल्स, म्हणजे पटकन दुसऱ्या रेणूवर तुटून पडणारे तुकडे, या साखळ्या तोडतात. म्हणजे यात काही खरवडायचं नसतं. "ब्लीचिंगनं दाताचा थर काढतात" असं जे बोललं जातं ते चूक आहे, थर जातो तो लिंबू-मीठ चोळल्यानं. इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) खाली विरघळायला लागतं आणि लिंबाचा रस २ च्या आसपास असतो, वरनं मिठाचे खडे किंवा कोळशाची पावडर घासली की झालंच, आणि इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही, उलट खालचं पिवळं डेंटिन जास्तच दिसतं. राखुंडीचंही तेच.

उपचार दोन तऱ्हेनं होतो. दवाखान्यात आधी शेड गाइड, म्हणजे खोट्या दातांची १६ छटांची पट्टी, दाताशेजारी धरून रंग ठरवतात, हिरडीवर रेझिनचा थर लावून लाइटनं कडक करतात आणि मग २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल १५-२० मिनिटं, असं दोन-तीनदा लावतात. हिरडी झाकायचं कारण म्हणजे एवढ्या स्ट्राँग जेलनं ती भाजून पांढरी पडते. तो निळा लाइट मारतात त्याची जाहिरात जास्त आणि फायदा कमी, खरं काम जेलच करतं. दुसरी तऱ्हा घरच्या ट्रेची: दातांचं माप घेऊन पातळ ट्रे बनवतात, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड घालून साधारण दोन आठवडे रात्री घालून झोपायचं. १० टक्के कार्बामाइडमधनं साडेतीन टक्क्यांच्या आसपासच हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं, बाकी युरिया. ही पद्धत १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या अमेरिकन डेंटिस्टांनी मांडली, आणि माझ्या मते पैसे घालायचेच तर यात घालावेत, हळू होतं पण दात कमी ठणकतात. युरोपियन युनियनमध्ये तर २०१२ पासून ६ टक्क्यांच्या वरचं पेरॉक्साइड या कामाला चालतच नाही.

लग्नसराईत लोक हळदीच्या आदल्या दिवशी दवाखाना गाठतात, तिथं घोळ होतो. जेल लावून तोंड उघडं ठेवल्यानं दात सुकतो आणि सुकलेला दात जास्त पांढरा दिसतो, एक-दोन दिवसात ओलावा परत आला की रंग थोडा उतरतो आणि माणूस म्हणतो फसवलं. शिवाय पहिले एक-दोन दिवस गार पाणी, आइस्क्रीम लागलं की कळ येते, त्यासाठी पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट देतात. दोन दिवस चहा आणि हळदीचं खाऊ नका असंपण सांगतात, आता आमच्याकडं हळदीशिवाय फोडणी कुठली, दहीभातावर काढायचे. लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधी केलेलं बरं.

सगळेच दात पांढरे होत नाहीत. कॅप, सिमेंट, व्हिनियर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवलेली पातळ चकती) यांचा रंग जसा आहे तसाच राहतो, त्यामुळं पुढच्या दाताला जुनी कॅप असेल तर शेजारचे उजळून तीच पिवळी उठून दिसते. लहानपणी टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक घेतल्यानं आलेले करडे पट्टे महिनोन् महिने ट्रे घालूनपण पूर्ण जात नाहीत. पाण्यातल्या जादा फ्लोराइडचे ठिपके ब्लीचनं सुरुवातीला जास्तच ठळक होतात, त्याला मायक्रोॲब्रेशन (डागाचा वरचा अगदी पातळ थर घासून काढणं) वगैरे वेगळे उपाय आहेत. मार लागून नस मेलेला काळपट दात रूट कॅनालनंतर आतनं ब्लीच करतात. गरोदर बायकांना आणि लहान पोरांना शक्यतो करत नाहीत. मिश्री-गुटख्यावाल्याचं तोंड मात्र आधी नीट तपासून घ्यायला पाहिजे, गालाच्या आत पांढरा चट्टा असेल तर रंगाचा विषय बाजूला ठेवून आधी त्याचं बघायचं, कारण तो कॅन्सरकडं जाऊ शकतो.

रंग किती टिकेल ते खाण्यापिण्यावर असतं, साधारण वर्ष ते तीन वर्षं. परत पिवळे वाटायला लागले की त्याच ट्रेत थोडं जेल घालून दोन-चार रात्री पुरतात, म्हणून ट्रे फेकून देऊ नये आणि गरम पाण्यात धुऊ नये, वाकडा होतो.