जर्मनीत व्हिसा संपत आलाय? अपॉइंटमेंटच्या भरवशावर राहू नका, अर्ज आधी टाका

जर्मनीत राहताना आपण ज्याला व्हिसा व्हिसा म्हणतो ते म्हणजे पाकिटातलं प्लास्टिकचं कार्ड, आउफएंटहाल्ट्सटिटेल, म्हणजे इथे राहण्याचा परवाना. ते आत्ता काढून तारीख बघा, आणि लगेच पासपोर्टची पण बघा. पासपोर्ट संपत आला असेल तर आधी तो करा, कारण परवाना सहसा पासपोर्ट जिथवर चालतो तिथपर्यंतच देतात.

अर्ज आपल्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेत करायचा, बऱ्याच शहरांत आता ऑनलाइन होतो. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. लोक अपॉइंटमेंट शोधत बसतात, ती मिळते दोन महिन्यांनंतरची, तोवर कार्ड संपतं. नुसती अपॉइंटमेंट घेतली म्हणजे अर्ज केला असं होत नाही! कार्ड संपायच्या आत अर्ज त्यांच्याकडे पोचला पाहिजे, तसा पोचला की जर्मनीच्या निवास कायद्याच्या कलम ८१ (४) नुसार निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरतात, नोकरीसकट. एक दिवस जरी उशीर झाला तरी हा हक्क आपोआप मिळत नाही, मग सगळं ऑफिसरच्या हातात. त्यामुळे मी तर म्हणेन तीन महिने आधीच अर्ज टाका आणि पोचपावतीची पीडीएफ जपून ठेवा, माझ्या एचआरने कार्डाच्या आधी तीच मागितली होती.

मधल्या काळासाठी फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचं सर्टिफिकेट मागून घ्या, १३ युरो फी असते. हातात आलं की आतले चौकोन बघा. ८१ (४) वाल्यावर, म्हणजे तिसऱ्यावर खूण असेल तर पासपोर्ट आणि जुनं कार्ड सोबत ठेवून भारतात जाऊन परत येता येतं. पहिल्या चौकोनावर, ८१ (३) वर खूण असेल तर मात्र त्या कागदावर जर्मनीत परत येता येत नाही, तिकीट काढायच्या आधी हे बघाच.

कागदपत्रं नोकरीवाल्यांसाठी साधारण अशी: अर्जाचा फॉर्म, पासपोर्ट, कार्ड, नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट, शेवटच्या तीन सॅलरी स्लिप, हेल्थ इन्शुरन्सचं पत्र, पत्त्याची नोंदणी आणि घराचा भाडेकरार. शहरागणिक थोडं इकडंतिकडं होतं. विद्यार्थ्यांना पैशांचा पुरावा आणि युनिव्हर्सिटीचं प्रवेशपत्र लागतं. फोटोचे प्रिंट मात्र आता चालत नाहीत, २०२५ पासून डिजिटलच लागतो, फोटोवाल्याकडून कोड घ्या नाहीतर ऑफिसात मशीन असेल तर तिथे ६ युरोत काढा.

फी तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीसाठी ९३ युरो. पण भरायच्या आधी एक बघा, तुम्ही कायमच्या परवान्याला पात्र झाला असाल तर परत तात्पुरताच कशाला काढायचा? ब्लू कार्डवाल्यांना (उच्चशिक्षित, चांगल्या पगाराच्या नोकरदारांचा परवाना) जर्मन भाषा बी१, म्हणजे मध्यम पातळीची येत असेल तर २१ महिन्यांत आणि ए१, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीवर २७ महिन्यांत मिळू शकतो, इतर कुशल कामगारांना ३ वर्षांत, अर्थात पेन्शनचे हप्ते वगैरे बाकीच्या अटी आहेतच. खूप जणांना हे माहीतच नसतं आणि ते वर्षानुवर्षं रिन्यूच करत बसतात.

बोटांचे ठसे दिल्यावर कार्ड छापून यायला काही आठवडे जातात. घ्यायला गेलात की काउंटरवरच नावाचं स्पेलिंग, तारीख आणि सोबतचा घडीचा कागद वाचून घ्या, नोकरीची अट, असली तर कंपनीचं नाव, त्याच कागदावर लिहिलेलं असतं.