बबल रॉक

अमेरिकेच्या मेन राज्यातील अकेडिया राष्ट्रीय उद्यानात, साउथ बबल या टेकडीच्या पूर्वकड्यावर हिमनदीने आणून सोडलेला ग्रॅनाइटचा प्रचंड शिलाखंड. माउंट डेझर्ट बेटावरील जॉर्डन पाँड या सरोवराच्या उत्तर टोकाशी ही घुमटाकार टेकडी असून तिची उंची सु. २३३ मी. आहे.

शेवटच्या हिमयुगात उत्तर अमेरिकेचा बराच भाग व्यापणाऱ्या लॉरेंटाइड हिमस्तराने हे बेट शिखरांसकट झाकून टाकले होते. आग्नेयेकडे सरकणाऱ्या या बर्फाने वायव्येस सु. ३० किमी.वरील ल्यूसर्न परिसरातील खडकाचा हा तुकडा उखडून आणला आणि सु. १५ हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळू लागल्यावर तो आहे तेथेच टेकला. टेकडीचा आकारही त्याच बर्फाने घडवला : उत्तरेचा उतार घासून सौम्य झाला, तर दक्षिणेकडील खडक उपसले जाऊन तेथे उभा कडा उरला.

पार्क लूप रोडवरील वाहनतळापासून निघणारी पायवाट आधी झाडीतून साउथ बबल व शेजारची नॉर्थ बबल या दोन टेकड्यांमधील खिंडीपर्यंत जाते. तेथून दक्षिणेकडे वळल्यावर दगडी पायऱ्यांची चढण लागते आणि शेवटी उघडा कातळ. अंतर थोडे असल्याने येथे गर्दी असते, आणि शिळा कड्यावरून ढकलत असल्याचा आविर्भाव करून छायाचित्र काढून घेण्याची हौस बहुतेकांना आवरत नाही. पाहण्यासारखे मात्र तिच्या पृष्ठभागावर आहे. शिळेत फेल्स्पार या खनिजाचे ठसठशीत पांढुरके स्फटिक व त्यांमध्ये काळ्या अभ्रकाचे ठिपके दिसतात, तर पायाखालचा ग्रॅनाइट गुलाबीसर आणि त्या मानाने बारीक कणांचा आहे. शिळा मूळची येथली नाही, हे ओळखायला एवढा फरक पुरेसा आहे.

उद्यानातील वाटा झाडांवर व कातळांवर मारलेल्या निळ्या रंगाच्या पट्ट्यांनी दाखविलेल्या असतात. उघड्या माथ्यांवर अनेक ठिकाणी, बेटावरील पायवाटा आखणारे वॉल्ड्रन बेट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केलेल्या पद्धतीच्या दगडी खुणाही आढळतात : खाली दोन दगड, त्यांवर आडवी चपटी शिळा आणि तिच्यावर दिशा दाखविणारा लहान दगड. धुक्यात वाट सापडते ती यांच्याच आधारे, म्हणून त्यांतील दगड हलविण्यास किंवा नवे रचण्यास मनाई आहे. हिवाळ्यात पार्क लूप रोडचा बराचसा भाग वाहनांसाठी बंद असल्याने येथवर पोहोचण्यासाठी एरवीपेक्षा बरेच अधिक चालावे लागते.