आधी नंबर कोणाचा? शाळाप्रवेशातल्या एका किलोमीटरची पार्श्वभूमी

आरटीईचे, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखाली खाजगी शाळांत राखलेल्या जागांचे, अर्ज सुरू झाले की आमच्या तालुक्याच्या ठिकाणी सेतू केंद्रासमोर आणि झेरॉक्सच्या दुकानांसमोर आईबापांची रांग लागते. गेली काही वर्षं मी तिथे बसून अर्ज भरून देते. सगळ्यात जास्त वेळ खातो तो नकाशा. पडद्यावर लाल फुगा येतो आणि तो नेमका आपल्या घरावर आणून टेकवायचा असतो. सात किलोमीटरवरच्या गावातून एक आई आली होती, निंदणाला आणि वेचणीला जाणारी. मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी अशा खुणा शोधत आम्ही तिचं टिनाचं घर सापडवलं. मग शाळांची यादी उघडली. एक किलोमीटरच्या आत एकही नाही. एक ते तीन किलोमीटरमध्येही एकही नाही. तीनच्या पुढे मात्र तालुक्यातल्या साऱ्या कॉन्व्हेंटची, म्हणजे खाजगी इंग्रजी शाळांची, नावं.

"मंग ताई, लागते ना नंबर माह्या पोराचा?" तिनं विचारलं.

अग्रक्रमाचा नियम असा आहे: शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणारी मुलं आधी. जागा उरल्या तर एक ते तीन किलोमीटरमधली, त्यातूनही उरल्या तर तीनच्या पुढची. एकाच अंतरगटात अर्ज जास्त असले की सोडत. ऐकायला यात खोट काढण्यासारखं काही नाही, कारण अंतर जात बघत नाही आणि वशिलाही बघत नाही. पण हा एक किलोमीटर मुळात मुलांना रांगेत लावण्यासाठी कायद्यात आलाच नव्हता. तो सरकारनं दिलेला शब्द होता.

त्या शब्दाचा माग काढायचा तर बरंच मागं जावं लागतं. १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी मागणी केली की प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शेतकऱ्याच्या पैशातून वरच्यांच्या उच्च शिक्षणावर खर्च करू नका. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही. आपला भाग, म्हणजे विदर्भ, तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता. तिथे १९२० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, पण सक्ती लागू करायची की नाही हे स्थानिक संस्थांवर सोडलं होतं. म्हणजे जिथे पुढारी जागा, तिथेच शाळा. अमरावतीत पंजाबराव देशमुख १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, तेव्हा सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करणं आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणं ही दोन्ही कामं त्यांनी हाती घेतली. मला ही जोडी फार महत्त्वाची वाटते. गावात शाळा आहे एवढ्यानं सगळ्यांची सोय होत नाही, तिच्या ओट्यावर कोणाला बसू देतात हा प्रश्न शिल्लक राहतो, हे त्या माणसाला ठाऊक होतं.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम ४५ नं चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली. ती मुदत उलटून गेली. मग आला शिक्षणाचा विचार करणारा कोठारी आयोग, १९६४ ते १९६६. जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. 'शेजारशाळा' ही कल्पना या आयोगानं ठामपणे मांडली: वस्तीतली सगळी मुलं, मालकाची आणि सालदाराची, एकाच जवळच्या शाळेत जातील. जवळ असण्याचं कारण पायपीट वाचवणं एवढंच नव्हतं. गरिबांची शाळा वेगळी आणि पैसेवाल्यांची वेगळी असं होऊ नये, हे खरं कारण होतं.

झालं नेमकं उलट. विदर्भातल्या खेड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळा पोचल्या, मेळघाटच्या ढाण्यांपर्यंत आणि गडचिरोलीच्या टोल्यांपर्यंत, म्हणजे लहान वस्त्यांपर्यंत, पोचल्या, ही मोठीच कामगिरी. पण नव्वदच्या दशकापासून तालुक्याच्या गावी कॉन्व्हेंट निघाली आणि ज्याला परवडत होतं त्यानं लेकरू तिकडे घातलं. तिथे अग्रक्रम ठरायचा तो डोनेशनवर, ओळखीवर, नाहीतर चार वर्षांच्या पोराच्या आणि त्याच्या आईबापाच्या मुलाखतीवर.

शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. कलम १३ नं देणगी आणि मुलाखत दोन्ही बंद केल्या. एका मुलाला दुसऱ्यावर पसंती द्यायची तर सोडतीसारखी पद्धतच चालेल, बाकी सगळ्या चाळण्या गुन्हा. कलम ६ नं सरकारवर बंधन घातलं की तीन वर्षांत प्रत्येक मुलाच्या परिसरात शाळा उभी करा. परिसर म्हणजे किती, हे केंद्राच्या नियमांनी सांगितलं: पहिली ते पाचवीसाठी चालत जाण्याचं एक किलोमीटर. एक किलोमीटर आला तो इथून. आणि कलम १२ नं खाजगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा परिसरातल्या दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला लावल्या. सर्वोच्च न्यायालयानं १२ एप्रिल २०१२ रोजी ही तरतूद वैध ठरवली, अल्पसंख्याक विनाअनुदानित शाळा तेवढ्या वगळल्या.

'परिसर' हा शब्द दोन्ही कलमांत आहे, आणि गाडी इथेच घसरली. कलम ६ मध्ये तो सरकारचं कर्तव्य सांगतो. कलम १२ मध्ये तोच शब्द मुलाला लावायची अट झाला. मुंबई-पुण्यात याचा फारसा त्रास नाही, तिथे शाळा आणि झोपडपट्टी एका हाकेवर असतात. इकडे खाजगी शाळा तालुक्याला आणि मजूर गावात. वंचितांसाठी राखलेल्या जागांवर पहिला हात पोचतो तो तालुक्याच्या गावातच घर असलेल्यांचा. त्यांच्यातही गरीब आहेत, त्यांचा हक्क मी नाकारत नाही. पण नावाजलेल्या शाळेच्या जागा पहिल्याच टप्प्यात भरल्या की खेड्यातल्या मुलाची चिठ्ठी सोडतीपर्यंत पोचतच नाही.

मग लोक तोड काढतात. कोणी तालुक्याला खोली करतो. कोणी मामाच्या घराचा पत्ता लावतो, नोंदणी केलेला भाडेकरार जोडतो. कोणी लाल फुगाच शाळेजवळ सरकवतो, आणि पडताळणी समितीपुढे पत्ता जुळला नाही की हातात आलेला प्रवेश रद्द होतो. खोली करायची ऐपत नसलेल्या बाईला यातलं काहीच जमत नाही. शिवाय नकाशा मोजतो ते सरळ रेषेतलं हवाई अंतर. मध्ये नाला असला, पावसाळ्यात पांदणीत गुडघाभर चिखल असला, तरी त्याच्या लेखी रस्ता सरळच. कायद्याच्या नियमांत मात्र शब्द होता 'चालत'.

अंतराला पहिला अग्रक्रम देण्याचा वाद दिल्लीतही झाला. तिथे खाजगी शाळांच्या उरलेल्या सर्वसाधारण जागांसाठी डिसेंबर २०१३ मध्ये शंभरपैकी सत्तर गुण जवळ राहण्याला दिले गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयानं ती गुणपद्धत रद्द केली.

महाराष्ट्रात सगळ्यात मोठा घाव आला ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेनं. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. सरकारचं कर्तव्य मोजायचा एक किलोमीटर आता हक्क काढून घ्यायला वापरला गेला. विनाअनुदानित शाळा जिथे असते, तिथे आसपास जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची किंवा अनुदानित शाळा बहुतेक असतेच, म्हणजे व्यवहारात तरतूदच संपली असती. त्या हंगामात यादीत जवळचीच सरकारी शाळा पाहून पालक अर्ज न भरताच परत जाताना मी पाहिले. "जी शाळा घराशेजारी आहे तिच्यासाठी अर्ज कायले?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मुंबई उच्च न्यायालयानं ६ मे रोजी स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी अधिसूचना रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला.

त्याच सुमाराला दुसऱ्या बाजूनं गावातली शाळाही आक्रसत होती. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३०० हून अधिक शाळा बंद करायचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा प्रस्ताव पुढे आला. लहान वस्त्यांच्या गडचिरोली-मेळघाटात याचा अर्थ काय होतो, हे तिथल्या गुरुजींना विचारावं. गाव शाळेपासून दूर आहे म्हणून मूल रांगेत मागं, आणि पट कमी म्हणून शाळा गावापासून दूर. दोन्हीकडे अंतर तेच, आणि दोन्ही वेळा ते चालायचं मुलानंच.

माझं म्हणणं एवढंच की खेड्यातल्या मुलाला अंतराच्या तिसऱ्या पायरीवर ढकलू नये. ज्याच्या गावात तीन किलोमीटरपर्यंत एकही विनाअनुदानित शाळा नाही, त्याला जवळची पहिली शाळा हीच परिसरशाळा मानावी आणि येण्याजाण्याची सोय द्यावी. लहान वस्त्यांतल्या मुलांसाठी वाहतुकीची व्यवस्था करावी, असं केंद्राच्या नियमांतही आहे.

त्या आईच्या मुलाचं नाव प्रतीक्षा यादीत आलं आणि तिथेच राहिलं. जूनअखेर शाळा उघडल्या, तेव्हा गावातल्या झेडपीच्या शाळेत त्याचं नाव पहिलीला लागलं. यंदा त्या शाळेचा पट सतरा आहे.