बोवी सुरा खरोखर कसा होता?

मेक्सिकोविरुद्धच्या टेक्सासच्या लढ्यातील स्वयंसेवकांचा नायक जेम्स बोवी याच्या सुऱ्याचे पाते उल्केच्या लोखंडाचे होते, त्याचे टोक वर वळलेले होते आणि त्याच सुऱ्याच्या बळावर स्वयंसेवक पलटणींनी लढाया मारल्या, असे आजही सर्रास सांगितले जाते. उल्केच्या गोष्टीला विश्वसनीय पुरावा नाही. १८२७ साली मिसिसिपी नदीतील वाळूच्या बेटावर झालेल्या ज्या चकमकीने हा सुरा गाजला, त्यातील सुरा आपणच शिकारीसाठी घडवून घेतला आणि भावाच्या जिवाला धोका दिसल्यावर त्याला दिला, असे जेम्सचा थोरला भाऊ रेझिन याने १८३८ मध्ये लिहून ठेवले आहे. त्याच्या वर्णनानुसार पाते सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकधारी आणि सरळ होते. म्हणजे खाटकाच्या सुरीचेच भावंड म्हणा ना. पुढे इंग्लंडमधील शेफील्डच्या कारखानदारांनी ‘बोवी’ या नावाखाली नाना आकारांचे सुरे अमेरिकेत विकले.

खुद्द बोवी १८३६ च्या मार्चमध्ये टेक्सासमधील अलामोच्या गढीत मारला गेला तेव्हा तो आजाराने अंथरुणाला खिळलेला होता. १८६१ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांचे अनेक स्वयंसेवक हातभर सुरे उगारून छायाचित्रांत ऐटीत उभे दिसतात. परंतु त्या युद्धातील बहुतेक जखमा बंदुकीच्या गोळ्यांच्या होत्या आणि छावणीत हे सुरे लाकूड तोडायला व मांस कापायलाच अधिक उपयोगी पडत.